कोमितास वर्दापेत : गीतांचा राखणदार

छळाच्या काळी माणसाचे घर, शेत व गुरेढोरे हिरावून घेता येतात. देवालयास कुलूप लावता येते आणि पुस्तके जाळता येतात. परंतु जे गीत लोकांच्या तोंडी बसले आहे त्यावर जप्ती आणणे कोणत्याही शिपायास साधत नाही. तथापि गीत तरी आपोआप टिकते असे नाही. गाणारा मेला, आणि आपल्या लेकरांस त्याने ते शिकविले नसले, तर ते गीतही त्याच्याबरोबर मातीत जाते. म्हणून ज्या लोकांवर संहाराचा प्रसंग येतो त्यांच्यामध्ये गीत शिकविणाऱ्याचे काम किती मोलाचे असते, हे ज्याच्या चरित्रावरून कळते अशा एका पुरुषाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे नाव कोमितास वर्दापेत. तो आर्मेनियन लोकांचा पुरोहित, गायक व शिक्षक होता.

आर्मेनियन लोक

काळा समुद्र व कास्पियन समुद्र ह्यांच्या मधल्या डोंगराळ मुलखात आर्मेनियन लोक फार प्राचीन काळापासून राहत आले आहेत. नोहाचे तारू ज्या अरारात प्रदेशात टेकले असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो, तो अरारात त्यांच्या डोळ्यांसमोरचा पर्वत आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सुमारे शंभर वर्षांनी मेस्रोप मश्तोत्स नावाच्या विद्वानाने त्यांच्या भाषेसाठी लिपी तयार केली. त्या लिपीत पवित्र शास्त्राचे भाषांतर झाले आणि भजनाची गीतेही रचली गेली. पुढे त्यांचे राज्य गेले व मुलूख वाटला गेला. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यापैकी पुष्कळ लोक तुर्की सुलतानाच्या अमलाखाली व बाकीचे बहुतेक रशियाच्या अमलाखाली होते.

हे लोक आपणांस अगदीच परके नाहीत. मुंबईच्या कोटात आर्मेनियन व्यापाऱ्यांनी बांधलेले जुने देवालय आहे. आणि ज्या अमेरिकन मिशनाने १८१३ साली मुंबईत काम आरंभून १८३१ साली नगरास ठाणे घातले, त्याच मिशनाचे लोक त्याच १८३१ साली कॉन्स्टँटिनोपल शहरी जाऊन आर्मेनियन लोकांमध्ये राहू लागले. एकाच मिशनाने चालविलेल्या शाळा इकडे मराठी मुलांस व तिकडे आर्मेनियन मुलांस शिकवीत होत्या.

अनाथ मुलगा

तुर्कस्थानात कुताह्या नावाचे गाव आहे. तेथे १८६९ च्या ऑक्टोबर महिन्यात ह्या पुरुषाचा जन्म झाला. आईबापांनी त्याचे नाव सोघोमोन, म्हणजे शास्त्रातील शलमोन, असे ठेविले. बाप केवोर्क जोडे शिवण्याचा धंदा करी. आई ताकुही गालिचे विणी. दोघांचा आवाज गोड होता आणि दोघेही स्वतः गीते रचीत. ती गीते गावात इतकी प्रिय झाली होती की पुढे पुष्कळ वर्षांनी मुलगा गावी आला तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्याने ती ऐकून लिहून घेतली. परंतु त्याला स्वतःला ती आईजवळ ऐकण्याचे भाग्य नव्हते. तो वर्षाचाही झाला नव्हता तोच ती वारली. आजीने त्याला वाढविले. तो अकरा वर्षांच्या सुमाराचा झाला तेव्हा बापही गेला. मग हा पोरका मुलगा गल्लोगल्ली फिरे. त्याचे कपडे फाटके असत, आणि गळा मात्र असा की ऐकणारा जागीच थांबे.

१८८१ साली कुताह्या येथील धर्माधिकाऱ्यास एचमिआझिनच्या मठात बोलावणे आले. हा मठ त्या वेळी रशियाच्या अमलातील मुलखात होता, आणि तेथे आर्मेनियन मंडळीचा मुख्य धर्माध्यक्ष, ज्याला कॅथॉलिकॉस म्हणतात, तो राहतो. येताना मठाच्या शाळेसाठी एक अनाथ मुलगा आणावा असा त्याचा निरोप होता. वीस मुलांमधून सोघोमोनची निवड झाली, ती त्याच्या आवाजामुळे.

मुलगा कॅथॉलिकॉसपुढे उभा राहिला तेव्हा मोठीच अडचण उत्पन्न झाली. धर्माध्यक्ष आर्मेनियन भाषेत बोलले, आणि मुलाला एक शब्दही कळेना. कुताह्यात आर्मेनियन लोक तुर्की भाषाच बोलत. मातृभाषा त्यांच्या घरातून गेली होती. त्याने तसे तुर्कीत सांगितले. मग त्याला गाण्यास सांगण्यात आले. देवालयात ऐकून पाठ झालेले एक प्राचीन स्तोत्र त्याने म्हटले. त्याचे शब्द आर्मेनियन होते; अर्थ त्याला ठाऊक नव्हता. वृद्ध धर्माध्यक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, असे सांगतात. मुलाला शाळेत घेतले. जी भाषा त्याच्या घरातून हरवली होती ती गीताच्या वाटेने त्याच्याकडे परत आली, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण त्याच्या पुढील सर्व कार्याचे बीज येथेच आहे.

गीतांचा शोध

बारा वर्षे तो त्या शाळेत शिकला. भाषा शिकला, शास्त्र शिकला, आणि देवालयातील गायन लिहिण्याची आर्मेनियन स्वरलिपीही शिकला. मठाभोवती शेतकऱ्यांची गावे होती. यात्रेच्या दिवशी ते लोक मठात येत, अंगणात फेर धरून नाचत व गात. विद्यार्थी सोघोमोन कागद घेऊन त्यांच्याजवळ उभा राही व ऐकलेले लिहून घेई. पुढे तो गावोगाव हिंडू लागला. गावकरी ह्या टिपणे घेणाऱ्या साधूची थट्टाही करीत आणि त्याच्यावर प्रीतीही करीत.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. शेतकऱ्याला, बाबा, गाणे म्हणून दाखव, असे म्हटले की तो लाजतो. त्याचे गाणे कामातून निघते. आपल्याकडे जात्यावर बसल्याविना बाईला ओवी सुचत नसे, तसेच तिकडेही. म्हणून तो कधी भिंतीआड उभा राही, कधी धाब्यावर निजून खालचे गाणे ऐके, कधी नांगरामागे चाले. लोरी प्रांतात आठ दहा जोड्यांचा जड नांगर ओढताना शेतकरी जे लांबलचक गीत गात, त्याचा त्याने असा अभ्यास केला की त्यात कोणता स्वर बैलासाठी आहे, कोणता सोबत्यासाठी व कोणता देवासाठी, हे त्याला उलगडून सांगता येई.

१८९४ साली त्याने मठवासी पुरोहिताची दीक्षा घेतली. तेव्हा सातव्या शतकात होऊन गेलेल्या एका स्तोत्रकर्त्या कॅथॉलिकॉसचे कोमितास हे नाव त्याला देण्यात आले. पुढल्या वर्षी त्याला वर्दापेत ही पदवी मिळाली. वर्दापेत म्हणजे शिकविण्याचा अधिकार असलेला पुरोहित. ह्या मनुष्याच्या बाबतीत ती पदवी अक्षरशः खरी ठरली.

त्याच १८९५ साली त्याने अक्न नावाच्या गावच्या गीतांचा लहानसा संग्रह छापला. हे गाव तुर्की अमलात होते. वर्षभरातच, १८९६ च्या सप्टेंबरात, त्या गावी आर्मेनियन लोकांची कत्तल झाली व त्यांची घरे जाळण्यात आली. त्या सुमारास सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात गावोगाव असे प्रकार घडत होते. तेथील पाळण्याची व लग्नाची गीते मात्र कागदावर उतरली होती, म्हणून ती वाचली.

विद्यार्थी व गुरू

संगीताचे शास्त्र नीट शिकावे म्हणून कोमितास प्रथम तिफ्लिस शहरी व नंतर १८९६ पासून तीन वर्षे बर्लिन येथे राहिला. खर्च एका धनवान आर्मेनियन व्यापाऱ्याने सोसला. १८९९ साली परत येऊन तो मठाच्या शाळेत गायन शिकवू लागला. युरोपात शिकून आला म्हणून त्याने युरोपातील चाली आपल्या लोकांवर लादल्या नाहीत. आपल्या गावकऱ्यांची एकेरी चाल घ्यावी, तिच्या स्वभावास शोभतील असेच दुसरे स्वर तिला जोडावे, आणि विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या आवाजांनी ते गाववावे, अशी त्याची रीत होती. शेतकऱ्याचे गीत हलके आणि शहरातील गीत श्रेष्ठ असे त्याच्या शाळेत कोणास म्हणता येत नसे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याने केवळ आपल्याच लोकांची गीते गोळा केली नाहीत. शेजारच्या कुर्द लोकांच्या चालीही त्याने लिहून घेऊन प्रसिद्ध केल्या, आणि तुर्की गीतेही तो जाणत असे. शेजाऱ्याचे गीत ऐकण्यास ज्याचा कान तयार असतो त्याला शेजाऱ्याचा द्वेष करणे जड जाते.

१९०६ साली त्याने पॅरिस येथे आपली गीते गाऊन दाखविली. फ्रान्सचे थोर संगीतकार क्लोद देब्युसी ह्यांनी त्याची फार वाखाणणी केली. घरी मात्र त्याला सुख नव्हते. पुरोहिताने लोकगीतांत इतके रमावे, देवालयाबाहेर गाण्याच्या सभा कराव्या, हे कित्येक वडीलधाऱ्यांस रुचत नव्हते. कंटाळून त्याने एकांतवासाची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. शेवटी १९१० साली मठ सोडून तो कॉन्स्टँटिनोपल येथे गेला.

तेथे त्याने तीनशे स्त्रीपुरुषांचे गायकमंडळ उभारले व त्यास गुसान हे नाव दिले. गुसान म्हणजे जुन्या काळचे फिरते गायक. मंडळ घेऊन तो गावोगाव फिरला. १९११ साली मिसर देशापर्यंत गेला. शिवाय काही निवडक तरुणांस त्याने जवळ बसवून आपली सर्व विद्या शिकविण्यास आरंभ केला. त्यांत बार्सेघ कानाचियान व मिहरान तुमाजान हे होते. मोठे मंडळ सभेत टाळ्या मिळवी, परंतु संकटानंतर कामास आली ती ही चारपाच शिष्यांची लहान शाळाच, हे पुढे दिसून येईल.

१९१५ सालचा एप्रिल

१९१४ साली महायुद्ध पेटले व तुर्की सरकार जर्मनीच्या बाजूने त्यात पडले. राज्य त्या वेळी तरुण तुर्क पक्षाच्या हाती होते. रशियाच्या सरहद्दीवर पराभव झाल्यावर आर्मेनियन प्रजा शत्रूस मिळालेली आहे असा आरोप ठेवून ह्या राज्यकर्त्यांनी त्या सर्व लोकांस देशातून नाहीसे करण्याचा बेत केला.

१९१५ च्या एप्रिलच्या २४ तारखेच्या रात्री कॉन्स्टँटिनोपल शहरात पोलिसांनी दारे ठोठावली. कवी, संपादक, वैद्य, शिक्षक, वकील व पुरोहित असे दोनशेंहून अधिक पुढारी धरले गेले. एखाद्या लोकांचा नाश करावयाचा तर प्रथम त्यांचे बोलणारे तोंड बंद करावे, हा त्यातील हेतू होता. धरलेल्यांत कोमितास होता. त्यांस आगगाडीने व पुढे गाड्यांतून चांकिरी व आयाश ह्या दूरच्या गावी नेण्यात आले.

त्या प्रवासाचे वर्णन ग्रिगोरिस बालाकियान नावाच्या पुरोहिताने केले आहे. तो त्याच काफिल्यात होता व पुढे निसटून वाचला. तो सांगतो की जो कोमितास शहरात सर्वांस हसवीत असे तोच आता वाटेवरची झाडे पाहून दरोडेखोर आले असे समजून घाबरे, आणि सोबत्याच्या अंगरख्याखाली डोके लपवी. ज्या कानांनी तीस वर्षे लोकांचे सुखदुःख टिपले त्यांस आता प्रत्येक आवाजात मृत्यूची चाहूल लागत होती.

सुमारे पंधरा दिवसांनी कोमितास व दुसरे आठ जण ह्यांस सोडण्याचा हुकूम आला. त्यांच्यासाठी कित्येक वजनदार लोकांनी रदबदली केली. त्यांत त्याचे गाणे ऐकलेले तुर्क गृहस्थही होते आणि अमेरिकेचे वकील मॉर्गेनथाउ हेही होते, असे सांगतात. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेक मारले गेले. दानियेल वारुझान व रुबेन सेवाक हे तरुण कवी त्याच चांकिरीच्या कैद्यांत होते; त्यांस ऑगस्ट महिन्यात रस्त्यावर ठार करण्यात आले. खेड्यापाड्यांत पुरुषांस वेगळे काढून मारीत, आणि बायकामुले व म्हातारे ह्यांस पायी सिरियाच्या वाळवंटाकडे हाकीत. वाटेत भुकेने, तहानेने व शस्त्राने त्यांचा अंत झाला. मेलेल्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. तुर्कस्थानचे सरकार ह्यास वंशसंहार म्हणणे आजही मान्य करीत नाही. परंतु राफाएल लेम्किन ह्या कायदेपंडिताने १९४४ साली अशा अपराधास वेगळे नाव दिले तेव्हा जी उदाहरणे त्याच्या मनात होती त्यांत आर्मेनियन लोकांचे एक होते.

मौन

कोमितास शहरात परत आला, परंतु त्याचे मन परत आले नाही. ज्या गावांची गीते त्याने लिहून घेतली होती त्यांपैकी किती तरी गावांत आता गाणारे कोणी उरले नव्हते. काही काळ त्याने कामास हात घातला. पण भीती व शोक ह्यांनी त्याला घेरले, आणि १९१६ साली स्नेह्यांनी त्याला इस्पितळात ठेविले. १९१९ साली त्याला पॅरिस येथे नेले. तेथील मनोरुग्णांच्या इस्पितळांत तो मरेपर्यंत राहिला. भेटावयास आलेल्यांशी तो क्वचितच बोले, आणि गीत तर त्याने पुन्हा रचले नाही. १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांनी वाद्ये झाडांस टांगली असे आपण वाचतो. ह्या मनुष्याने जवळजवळ वीस वर्षे आपला कंठच तसा टांगून ठेविला. १९३५ च्या ऑक्टोबरात तो वारला. पुढल्या वर्षी त्याचे शव आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे नेऊन पुरले.

मनाचा असा भंग झाला म्हणजे कित्येक लोक तो विश्वासाचा कमकुवतपणा समजतात. असे म्हणणे निष्ठुरपणाचे आहे. पाय मोडलेल्यास जसे आपण दोष देत नाही तसे ज्याचे मन क्रौर्याने मोडले त्यासही देऊ नये. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसून काढले, तेच त्यांचे सर्वांत शहाणपणाचे वर्तन होते.

शिष्यांनी काय केले

त्याची कागदपत्रे अस्ताव्यस्त झाली. त्याने तीन हजारांहून अधिक गीते गोळा केली होती असे म्हणतात. त्यांपैकी सुमारे बाराशे आज उपलब्ध आहेत. मध्ययुगातील आर्मेनियन गायनखुणा, ज्यांचा अर्थ शेकडो वर्षे कोणास लागत नव्हता, त्यांचा उलगडा करण्याचे त्याचे कामही अपुरे राहून बहुतेक नाहीसे झाले. ही हानी पुन्हा भरून निघणारी नाही.

परंतु शिष्य उरले होते. त्यांनी गुरूचे कागद गोळा करून छापले. प्रभुभोजनाच्या उपासनेसाठी त्याने बांधलेले संगीत १९३३ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. कानाचियान बैरूत शहरी गेला. तेथे निर्वासितांच्या छावण्या होत्या, आणि ज्यांनी आपले गाव कधी पाहिले नव्हते अशी मुले तेथे वाढत होती. त्याने त्यांस गायन शिकविले व गुरूच्याच मंडळाचे नाव देऊन नवे गायकमंडळ उभारले. आज आर्मेनियाचे जे राष्ट्रगीत आहे त्याची चाल ह्याच कानाचियानची होय. तुमाजानने दुसरी वाट धरली. तो अमेरिकेत वाचून आलेल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांच्या घरोघरी गेला, आणि त्यांच्या नष्ट झालेल्या गावांची गीते त्यांच्या आठवणीतून लिहून घेऊ लागला. गुरूने नांगरामागे चालून जे काम केले तेच शिष्याने परक्या शहरांतील खोल्यांत बसून पुढे चालविले. ह्याच वर्षांत अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांनी वर्गणी जमवून एक लाखाहून अधिक अनाथ मुलांस अन्न व शिक्षण दिले.

आपण काय शिकावे

आपल्या शाळांतून व रविवारच्या वर्गांतून मुलांस अशा संहारांची माहिती देण्याचा प्रसंग शिक्षकांवर येतो. ती द्यावीच, कारण जे झाले ते लपविणे म्हणजे मेलेल्यांस दुसऱ्यांदा मारणे होय. परंतु केवळ मेलेल्यांचा आकडा सांगितला तर मूल तो लिहून घेते व विसरते. कोमितासच्या चरित्रावरून एक चांगली रीत हाती येते. त्या लोकांचा मृत्यू सांगण्याआधी त्यांचे जगणे सांगावे. ते नांगरताना काय गात, लेकरू निजवताना काय गात, नवरी सासरी निघाली म्हणजे काय गात, हे प्रथम मुलाला कळावे. मग ती माणसे नाहीशी झाली असे सांगितल्यावर त्याला कोण नाहीसे झाले हे समजेल, आणि तो आकडा त्याच्या मनात माणसांची रूपे धरील.

दुसरे असे की अशी हकीकत सांगताना मुलांच्या मनात कोणत्याही जातीचा वा धर्माचा द्वेष पेरू नये. कत्तलीचा हुकूम देणारे तुर्क होते हे खरे. त्याचप्रमाणे कित्येक तुर्क, कुर्द व अरब कुटुंबांनी आर्मेनियन मुलांस आपल्या घरांत लपवून वाचविले हेही खरे. दोन्ही गोष्टी सांगाव्या. अपराध्याचे नाव झाकू नये आणि शेजाऱ्याचे नाव मळवू नये.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्या मंडळ्यांतील वृद्ध बाया व बाप्ये ह्यांच्या तोंडी किती तरी भजने, ओव्या व जुन्या चाली आहेत. त्यांपैकी पुष्कळ कोणत्याही पुस्तकात नाहीत. आपल्यावर तसा संहार आला नाही ही देवाची कृपा. परंतु काळ हाही मुकाट्याने पुष्कळ काही नेतो. ज्या प्रचारकास लिहिता येते त्याने ह्या पावसाळ्यात संध्याकाळी एखाद्या म्हातारीजवळ बसावे, तिने म्हटलेले लिहून घ्यावे, कोणी रचले व कोठे ऐकले ते विचारावे, आणि रविवारी मुलांस ते शिकवावे. कुताह्याच्या त्या पोरक्या मुलाला अर्थ न कळणारे एकच स्तोत्र पाठ होते, आणि तेवढ्यावरून त्याच्या लोकांची सर्व गीते राखण्याचे काम उभे राहिले. ते स्तोत्र त्याला लहानपणी गावच्या देवालयात कोणी तरी शिकविले होते.